एका रेणूचा माग: कर्करोगापासून आमवातापर्यंत टीएनएफचा प्रवास

टीएनएफ, पूर्ण नावाने ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, हे 157 अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन आहे. सायटोकाइन या मोठ्या कुळातले ते बहुधा सर्वाधिक अभ्यासले गेलेले प्रथिन असावे. सायटोकाइन म्हणजे एका पेशीने दुसरीला सूचना देण्यासाठी सोडलेली प्रथिने. ती अत्यल्प प्रमाणात तयार होतात, बहुतेक वेळा जवळपासच्याच पेशींवर काम करतात आणि लवकर नाहीशी होतात. जंतू शिरल्याची चाहूल लागली की मॅक्रोफेज या भक्षक पेशी टीएनएफ सोडतात. त्यामुळे आसपासच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, वाहत्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि भिंतीतून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचतात. त्याच वेळी इंटरल्यूकिन-1 आणि इंटरल्यूकिन-6 हे आणखी दोन सायटोकाइन कामाला लागतात, मेंदू ताप चढवतो आणि यकृत सीआरपी हे प्रथिन रक्तात ओतू लागते. सूज, लाली, ताप, अंगदुखी, अन्नावरची वासना उडणे हा सगळा ओळखीचा प्रकार याच साखळीतून येतो.

हे चित्र जुळायला शंभर वर्षे लागली. या रेणूचा शोध तीन वेगवेगळ्या वाटांनी लागला आणि प्रत्येक वाटेवरच्या संशोधकांना तो आपल्या हव्या त्या कामाचा वाटला. ज्या दोन कामांसाठी त्याच्यावर सर्वाधिक पैसा लागला त्या दोन्हींत तो बव्हंशी फसला. यश आले ते तिसऱ्याच आजारात, आमवातात. तिथे या प्रथिनाला हात घालून काही साधेल असे फारच थोड्यांना वाटत होते.

पहिली वाट न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. 1890 साली विल्यम कोली या तरुण शल्यचिकित्सकाकडे बेसी डॅशील ही सतरा वर्षांची मुलगी हाताच्या दुखण्यासाठी आली. दुखणे सार्कोमाचे, म्हणजे हाडामांसाच्या कर्करोगाचे निघाले. हात कापूनही उपयोग झाला नाही आणि 1891 च्या जानेवारीत ती वारली. कोलीने इस्पितळाची जुनी दप्तरे चाळायला घेतली. त्यात त्याला फ्रेड स्टाईन या जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली. त्याच्या मानेवरचा सार्कोमा वारंवार कापूनही परत वाढत होता. मग त्याला इस्पितळातच धावरे हा त्वचेचा जंतुसंसर्ग झाला, दणकून ताप आला आणि तापाबरोबर गाठही विरून गेली. नोंद सुमारे सात वर्षांपूर्वीची होती. कोली मॅनहॅटनच्या गरीब वस्तीतल्या जिन्यांवरून चढउतार करत स्टाईनला शोधत फिरला. तो सापडला, आणि ठणठणीत होता.

त्यानंतर कोलीने कर्करोगाच्या रुग्णांना धावऱ्याचे जिवंत जंतू टोचायला सुरुवात केली. हा धोक्याचा खेळ होता. काहींना धावरे होईना, काही त्यातच दगावले. म्हणून त्याने दोन जातींचे मारलेले जंतू एकत्र करून लस बनवली. ‘कोलीची विषे’ या नावाने ती ओळखली गेली. 1893 मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या एका मुलाला ती महिनोन्‌महिने टोचली. गाठ गेली आणि तो पुढे सव्वीस वर्षे जगला. पण ही लस कधी लागू पडायची, कधी मुळीच नाही, आणि का ते कोलीलाही सांगता येत नव्हते. क्ष-किरणांचा उपचार आल्यावर डॉक्टरांनी तिच्याकडे पाठ फिरवली. कोली 1936 मध्ये वारला तेव्हा त्याचे काम जवळजवळ विसरले गेले होते.

धागा पूर्ण तुटला मात्र नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मरी शिअर यांनी कोलीच्या दोनांपैकी एका जंतूच्या आवरणातून असा पदार्थ वेगळा केला की तो उंदरांना टोचताच त्यांच्या गाठींत रक्तस्राव होऊन त्या आतून काळ्या पडत. हे जंतूचे अंतर्विष होते. ते स्वतः गाठ मारत होते की शरीराकडून दुसरे काही सोडवत होते, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये सोडवला. त्यांनी उंदरांना आधी बीसीजी टोचले. तीच लस भारतात जन्मलेल्या मुलांच्या दंडावर दिली जाते. त्यामुळे उंदरांच्या मॅक्रोफेज पेशी वाढल्या. मग अंतर्विष टोचून थोड्या वेळाने रक्त काढले. त्यातला रक्तद्रव दुसऱ्या उंदरांना दिला तर त्यांच्या गाठी मरू लागल्या, आणि त्या रक्तद्रवात अंतर्विषाचा अंश तेवढा परिणाम करण्याइतका उरलेला नव्हता. म्हणजे गाठ मारणारे द्रव्य उंदराने स्वतःच बनवले होते. त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे नाव पडले. सायटोकाइन हा शब्दही त्याच सुमाराला, 1974 मध्ये वापरात आला.

दुसरी वाट गुरांच्या आजारातून आली. न्यूयॉर्कच्याच रॉकफेलर विद्यापीठातले अँथनी सेरामी त्से त्से माशीमुळे पसरणाऱ्या आफ्रिकेतल्या गुरांच्या रोगावर काम करत होते. गुरे खंगत खंगत मरतात, पण मेलेल्या जनावरात परजीवी जंतू फारसे दिसत नाहीत, हे कोडे होते. प्रयोगशाळेत संसर्ग दिलेले सशेही तसेच वाळत गेले आणि त्यांचे रक्त चरबीने दुधाळ दिसू लागले. शरीर झिजत असताना रक्तात चरबी का साठावी? उत्तर असे निघाले की चरबी पेशींत शिरवणारे विकर बंद पडलेले असते, आणि ते बंद पाडणारे द्रव्य मॅक्रोफेज पेशी बनवतात. सेरामींनी त्याला कॅकेक्टिन म्हटले. ब्रूस ब्यूटलर या तरुण डॉक्टरने ते शुद्ध केले आणि 1985 मध्ये त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम टीएनएफच्या क्रमाशी ताडून पाहिला. दोन्ही एकच होते. टीएनएफचा जनुक आदल्याच वर्षी जेनेन्टेक कंपनीत हाती लागला होता, म्हणून ही तुलना शक्य झाली. गाठ मारणारे प्रथिन आणि अंग वाळवणारे प्रथिन एकच असल्याचे कळल्यावर कर्करोगाच्या औषधाचे स्वप्न पाहणाऱ्यांनी सावध व्हायला हवे होते.

ते झाले नाहीत. जेनेन्टेक आणि इतर कंपन्या टीएनएफ जंतूंकडून हव्या तेवढ्या प्रमाणात बनवू लागल्या होत्या, आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून देण्यात आले. रुग्णांना हुडहुडी भरली, ताप चढला, रक्तदाब घसरला. उंदराला गाठ मारण्यासाठी लागणारी मात्रा माणसाला सोसत नव्हती, आणि सोसेल एवढ्या मात्रेने गाठींवर फरक पडत नव्हता. एकच उपयोग टिकला: हातापायाच्या सार्कोमात त्या अवयवाचे रक्ताभिसरण तात्पुरते वेगळे करून फक्त तेवढ्यातच टीएनएफ आणि कर्करोगाचे औषध फिरवणे. युरोपात 1999 मध्ये त्याला परवानगी मिळाली. त्यामुळे काहींचे पाय कापण्यापासून वाचतात.

तिसरी वाट सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळून अवयव निकामी होण्याची. ब्यूटलर आणि सेरामींनी 1985 मध्ये दाखवले की उंदरांना आधी टीएनएफविरोधी प्रतिपिंड, म्हणजे त्याला चिकटून निष्प्रभ करणारे प्रथिन, दिले तर अंतर्विषाच्या मारक मात्रेतूनही त्यांपैकी बरेच वाचतात. पुढच्या वर्षी केव्हिन ट्रेसी यांनी रॅट या मोठ्या जातीच्या उंदरांना नुसते टीएनएफ दिले, आणि जंतू नसतानाही सेप्सिसचे संपूर्ण चित्र उभे राहिले: कोसळलेला रक्तदाब, रक्ताने भरलेली फुप्फुसे, मृत्यू. 1987 मध्ये बॅबून माकडांना प्रतिपिंड देऊन मग रक्तात जंतू सोडले, तेव्हा माकडे वाचली. रोगाचा मुख्य गुन्हेगार सापडला असे वाटणे साहजिक होते. सेप्सिसने दर वर्षी प्रचंड संख्येने माणसे मरतात, त्यामुळे औषध कंपन्यांनी या दिशेने धाव घेतली.

1990 च्या दशकात हजारो रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत काहीच ठोस हाती लागले नाही. कारण मागाहून स्पष्ट दिसते. बॅबूनला प्रतिपिंड जंतूंच्या आधी मिळाले होते. माणूस इस्पितळात पोचतो तेव्हा टीएनएफची लाट बहुधा येऊन गेलेली असते, आणि पुढची पडझड इतर साखळ्यांनी सुरूच राहते. शिवाय जंतू अजून जिवंत असताना शरीराचा एक बचाव काढून घेणे धोक्याचेच. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टीएनएफ शोषून घेणारे एक प्रथिन 141 रुग्णांत तपासले गेले. निष्क्रिय द्रव मिळालेल्या गटात 30 टक्के रुग्ण दगावले. औषधाच्या सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटात 53 टक्के. ते प्रथिन म्हणजे एटॅनरसेप्ट. दोन वर्षांनी, 1998 च्या नोव्हेंबरात, अमेरिकेने तेच औषध आमवातासाठी मंजूर केले.

आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वयाने होणाऱ्या सांध्यांच्या झिजेपासून वेगळा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. बोटांचे सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर तासन्‌तास आखडलेले राहतात, सांध्याचे आतले अस्तर जाड होऊन कूर्चा आणि हाड पोखरत जाते. 1980 च्या दशकापर्यंत सोन्याची इंजेक्शने, स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट अशी मोजकीच औषधे होती. लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या केनेडी संस्थेत दोघे जण यावर एकत्र आले. मार्क फेल्डमन हे पोलंडमध्ये जन्मलेले, ऑस्ट्रेलियात वाढलेले प्रतिकारशास्त्रज्ञ. रविंदर नाथ मैनी हे लुधियान्यात जन्मलेले, युगांडात बालपण गेलेले आणि इंग्लंडात शिकलेले संधिरोगतज्ज्ञ. एकाकडे प्रयोगशाळा, दुसऱ्याकडे रुग्ण, अशी ही जोडी होती.

सुजलेल्या सांध्यात सायटोकाइन आहेत का, हे त्यांनी आधी पाहिले. होते, आणि डझनावारी होते. इथेच बहुतेक तज्ज्ञांचा विश्वास संपत होता. इतके सायटोकाइन एकाच वेळी हजर असताना आणि त्यांची कामे एकमेकांवर चढलेली असताना, एकाला रोखले तर बाकीचे त्याची जागा घेणारच, असा सर्वसाधारण समज होता. तो तर्काला धरून होता, पण प्रयोगाने तपासलेला नव्हता. फिओनुला ब्रेनन यांनी तो तपासला. रुग्णांच्या सांध्यांतून शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले अस्तर त्यांनी विकरांनी सुटे केले आणि त्यातल्या सर्व जातींच्या पेशी मिसळलेल्याच ठेवून बशीत वाढवल्या. बाहेरून कसलेही उत्तेजन न देता या पेशी दिवसचे दिवस सायटोकाइन ओतत राहत, जणू त्या अजून सांध्यातच आहेत. बशीत टीएनएफविरोधी प्रतिपिंड घातल्यावर इंटरल्यूकिन-1 चे उत्पादन जवळजवळ थांबले. 1989 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यानंतरच्या प्रयोगांत इंटरल्यूकिन-6 आणि इंटरल्यूकिन-8 सुद्धा खाली आले. म्हणजे सांध्यातले सायटोकाइन सुटेसुटे काम करत नव्हते. त्यांची उतरंड होती आणि टीएनएफ तिच्या वरच्या टोकाशी होता.

याला दोन्हीकडून पुष्टी मिळाली. ग्रीसमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने 1991 मध्ये मानवी टीएनएफ जास्त बनवणारे उंदीर तयार केले. त्या उंदरांना आपोआप सांधेदुखी जडली आणि प्रतिपिंडाने ती टळली. लंडनमध्ये रिचर्ड विल्यम्स यांनी 1992 मध्ये सांधे आधीच सुजलेल्या उंदरांना प्रतिपिंड देऊन सूज आणि हाडांचे नुकसान कमी करून दाखवले. सेप्सिसच्या प्रयोगांपेक्षा हा पुरावा वेगळ्या जातीचा होता, कारण इथे उपचार रोग सुरू झाल्यावर केला होता. आमवात वर्षानुवर्षे चालतो आणि त्यात टीएनएफ सतत तयार होत राहतो. योग्य वेळ साधण्याचा प्रश्न त्यामुळे सेप्सिसइतका आडवा येत नव्हता.

माणसांना देण्यासाठी प्रतिपिंड हवे होते आणि ते कुणी सहजासहजी द्यायला तयार नव्हते. शेवटी ते मिळाले पेनसिल्व्हेनियातल्या सेंटोकोर कंपनीकडून. तिथले वरिष्ठ संशोधक जिम वुडी हे पूर्वी फेल्डमन यांचेच विद्यार्थी होते. न्यूयॉर्क विद्यापीठात यान व्हिल्चेक आणि जुनमिंग ले यांनी बनवलेल्या उंदराच्या प्रतिपिंडाचा बराचसा भाग कंपनीने मानवी केला होता. हेतू अर्थातच सेप्सिसचा होता. त्याच सुमारास कंपनीच्या सेप्सिसवरच्या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत परवानगी नाकारली गेली, 1993 च्या आरंभी त्याची चाचणीही थांबवावी लागली आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आली. आमवाताच्या चाचणीतून निघालेल्या औषधाने पुढे तिला मोठा हात दिला.

1992 मध्ये लंडनच्या चॅरिंग क्रॉस इस्पितळात वीस रुग्णांना ते प्रतिपिंड शिरेतून देण्यात आले. आधीचे सगळे उपचार करून थकलेले हे रुग्ण होते. सहाव्या आठवड्यापर्यंत सुजलेल्या सांध्यांची मध्यक संख्या 18 वरून 5 वर आली. रक्तातला सीआरपी लिटरला 39.5 मिलिग्रॅमवरून 8 वर उतरला. या आकड्यांचे महत्त्व असे की सांध्याची वेदना रुग्णाच्या मनःस्थितीवर अवलंबून असू शकते, पण यकृताने तयार केलेला सीआरपी तसा आशेने खाली येत नाही. तरीही चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती उणीव 1994 मध्ये भरून निघाली. 73 रुग्ण, युरोपातली चार केंद्रे, आणि कोणाला औषध व कोणाला निष्क्रिय द्रव मिळाला हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक नाही. चार आठवड्यांनी निष्क्रिय द्रव मिळालेल्या 24 पैकी 2 जणांत सुधारणा दिसली, लहान मात्रेच्या 25 पैकी 11 जणांत, मोठ्या मात्रेच्या 24 पैकी 19 जणांत.

औषध रोग मुळातून काढत नव्हते, हेही तेव्हाच दिसले. काही आठवड्यांनी सूज परतली. पुन्हा औषध दिल्यावर पुन्हा ओसरली. म्हणजे उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागणार होता, आणि त्यातले उंदराचे अंश शरीर परके म्हणून ओळखू लागते ही अडचण होती. सोबत थोडे मेथोट्रेक्सेट दिले तर परिणाम टिकतो असे मैनींच्या पुढच्या चाचण्यांत आढळले. या औषधाचे नाव इन्फ्लिक्सिमॅब. 1998 मध्ये ते आधी आतड्याच्या क्रोन्स रोगासाठी आणि 1999 मध्ये आमवातासाठी अमेरिकेत मंजूर झाले. 2002 च्या अखेरीस पूर्ण मानवी प्रतिपिंड असलेले अॅडलिमुमॅब आले आणि पुढे बरीच वर्षे ते जगातले सर्वाधिक विक्रीचे औषध होते. फेल्डमन आणि मैनी यांना 2003 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. ब्यूटलर यांना 2011 मध्ये नोबेल मिळाले, पण ते वेगळ्या कामासाठी: मॅक्रोफेज पेशी अंतर्विष कशाने ओळखतात ते ग्राहक प्रथिन त्यांनी 1998 मध्ये शोधले होते.

यशाबरोबर जुने प्रश्नही उलगडले. निसर्गाने टीएनएफ ठेवला तरी कशासाठी, याचे उत्तर औषधाच्या दुष्परिणामातून आले. 2001 मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून असे दिसले की इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांपैकी 70 जणांना क्षय झाला होता, निम्म्याहून अधिकांना उपचार सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांत, आणि त्यांपैकी 40 जणांत फुप्फुसाबाहेर. क्षयाचे जंतू शिरले की मॅक्रोफेज पेशी त्यांच्याभोवती कडे करून ग्रॅन्युलोमा ही गाठ बांधतात. आत जंतू वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. हे कडे टिकवून धरण्याचे काम टीएनएफ करतो. तो काढून घेतला की कडे विस्कटते आणि जंतू मोकळे होतात. उंदरांमध्ये ही गोष्ट 1989 मध्येच दिसली होती. क्षयाविरुद्धची बीसीजी लस दिलेल्या उंदरांचा टीएनएफ रोखल्यावर त्यांचे ग्रॅन्युलोमा विरघळले होते. पण आमवातावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा क्षय नव्हता.

भारतात ही बाब दुय्यम राहूच शकत नाही, कारण इथे प्रौढांच्या मोठ्या हिश्शात क्षयाचे जंतू झोपलेले असतात. मुंबई-पुण्यातले संधिरोगतज्ज्ञ इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढतात, मँटू किंवा इग्रा चाचणी करतात आणि गरज वाटल्यास काही महिने क्षयप्रतिबंधक गोळ्या देतात. एटॅनरसेप्टमध्ये हा धोका प्रतिपिंडांपेक्षा कमी असतो, म्हणून क्षयाची शंका असलेल्यांना ते देण्याकडे कल असतो. दुसरी अडचण किमतीची. तिच्यावर थोडा उतारा 2014 च्या डिसेंबरात मिळाला. अहमदाबादच्या झायडस कंपनीने अॅडलिमुमॅबची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती भारतात बाजारात आणली.

सगळ्याच रुग्णांना टीएनएफ रोखून गुण येत नाही. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी उतरंडीच्या इतर पायऱ्या तपासल्या गेल्या. जपानमध्ये ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने 1986 मध्ये इंटरल्यूकिन-6 चा जनुक शोधला होता. त्याच्या ग्राहकाला रोखणारे टोसिलिझुमॅब आमवातासाठी वापरात आले. हेच नाव 2020-21 मध्ये महाराष्ट्रात घराघरांत पोचले. कोविडच्या रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन ते इंजेक्शन दुकानोदुकानी शोधत होते आणि ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द बातम्यांत रोज येत होता. ते खरोखर उपयोगी आहे का, हे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने 2021 मध्ये सांगितले. 4,116 रुग्णांच्या या चाचणीत नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 35 टक्के आणि टोसिलिझुमॅबही मिळालेल्यांपैकी 31 टक्के रुग्ण 28 दिवसांत दगावले. चाचणीत घेतलेले रुग्ण निवडक होते: रक्तातला ऑक्सिजन कमी झालेला आणि सीआरपी लिटरला 75 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक. त्यांपैकी बहुतेकांना स्टेरॉइडही चालू होते, आणि औषधाचा फायदा प्रामुख्याने त्यांच्यातच दिसला.